गुपित राखून गाजावाजा: रहस्यकादंबरीकारानं आपल्या पुस्तकाची प्रसिद्धी कशी करावी

रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याची एक अडचण बाकीच्या लेखकांना सहसा नसते. पुस्तकातला सगळ्यात जमून आलेला भाग, ज्याच्यासाठी रात्री जागवल्या, तोच नेमका कुणाला सांगता येत नाही. प्रेमकथेचा शेवट गोड आहे असं कळलं तर वाचक खुशीनं पुस्तक उचलतो. खुनी कोण हे कळलं तर पुस्तक उचलायचं कारणच संपतं. आणि तरीही महिनोन्महिने त्याच पुस्तकाबद्दल बोलत राहायचं असतं: मुलाखतीत, परिसंवादात, ग्रंथालयात, पॉडकास्टवर, समाजमाध्यमांवर. म्हणून या प्रकारात काय सांगायचं याच्या आधी काय सांगायचं नाही हे ठरवावं लागतं, तेही मनातल्या मनात नव्हे, कागदावर. प्रसिद्धीचं बाकी सगळं काम त्या कागदावर उभं राहतं.

पहिलं काम: गुपिताचा कागद

संपादन पुरं होऊन मजकूर पक्का झाला की एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे उघड गोष्टी, उजवीकडे बंद गोष्टी. पुस्तकाच्या साधारण पहिल्या पाव भागात जे घडतं ते डावीकडे जातं: कोण मेलं, कुठे, तपास कोण करतंय, पहिला पेच कोणता. त्यानंतरचं सगळं उजवीकडे. एखादी गोष्ट डावीकडे आणावीशी वाटली, तर ती वाचकाला आधी कळल्यानं त्याचा कोणता क्षण हुकेल हे लिहून बघा. उत्तर सापडलं, तर ती गोष्ट उजवीकडेच ठेवा.

एक उदाहरण घेऊ. बंद पडलेल्या दवाखान्यात एका परिचारिकेचा मृतदेह सापडतो. मृत्यू रात्री अकराच्या सुमाराचा. पण त्याच रात्री बारा वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिची हजेरी लागलेली आहे. कादंबरीच्या शेवटी कळतं, की तिची हजेरी एक मैत्रीण लावत असे आणि त्या मैत्रिणीला वाचवण्यासाठी तपासपथकातल्याच एका माणसानं नोंदवहीत फेरफार केला होता. यात दवाखाना, मृतदेह, अकराची वेळ आणि बाराची हजेरी एवढं उघड. मैत्रीण आणि पथकातला माणूस बंद. इथपर्यंत कुणीही येईल. पण नीट पाहिलं तर काही विशेषणंसुद्धा बंद रकान्यात टाकावी लागतात. पथकातल्या त्या माणसाबद्दल ‘अधिकाऱ्याचा विश्वासू सहकारी’ असं मलपृष्ठावर दिसलं, की सराईत वाचक पहिल्या पानापासून त्या सहकाऱ्यावर डोळा ठेवून बसतो. ‘जिवलग मैत्रीण’ म्हटलं की तीच गत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘शेवटची कलाटणी तुम्हाला हादरवून टाकेल.’ यात नाव कुणाचंच नाही, तरी रहस्य फुटतंच. कलाटणी येणार हे कळलेला वाचक समोर दिसणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही आणि तुम्ही कष्टानं रचलेला चकवा निकामी होतो. माझ्या हातात असतं तर हे वाक्य प्रत्येक मलपृष्ठावरून खोडलं असतं.

हा कागद स्वतःपुरता ठेवू नका. प्रकाशकाकडची प्रसिद्धी सांभाळणारी व्यक्ती, मुखपृष्ठाचा चित्रकार, ऑडिओबुकचा वाचक, मुलाखत घेणारा सूत्रसंचालक, या सगळ्यांना त्यातला डावा रकाना द्या आणि ‘एवढ्यावर मोकळेपणानं बोला’ असं सांगा. रहस्य राखायला लोकांना आवडतं, फक्त विनंती आधी व्हायला हवी. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध रहस्यनाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना खुनी कोण ते बाहेर सांगू नका अशी विनंती केली जाते. ती विनंतीच त्या नाटकाची सगळ्यात मोठी जाहिरात ठरली.

मलपृष्ठ, शोधशब्द आणि नमुना पानं

मलपृष्ठाचा मजकूर प्रकाशक लिहितो, पण पहिला खर्डा तुम्ही द्यावा असं मी आग्रहानं सांगेन, कारण कुठलं वाक्य कुठे बोट दाखवतं हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. खर्डा तीन गोष्टींवर थांबू द्या: काय घडलं, ते घडणं अशक्य का वाटतं आणि तपास करणाऱ्याचं यात वैयक्तिक काय पणाला लागलंय. वरच्या उदाहरणात ‘अकरा वाजता मेलेल्या बाईची बारा वाजता हजेरी लागली आहे’ या वाक्यात वाचक अडकतो. त्यापुढे शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. संशयितांची यादी देऊ नका, नावं लक्षात राहत नाहीत. तपास करणाऱ्याचं नाव मात्र द्या, मालिका पुढे न्यायची असेल तर हमखास.

मलपृष्ठाबद्दल जागरूक असणारे बरेच लेखक ऑनलाइन दुकानाला दिलेल्या माहितीकडे पाहत नाहीत, आणि गुपित तिथून निसटतं. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर पुस्तक काढताना शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात आणि तीन वर्ग निवडता येतात. पुस्तक शोधात वर यावं म्हणून ‘जुळ्या बहिणी’, ‘खोटी ओळख’, ‘भ्रष्ट पोलीस’ असे शब्द भरायचा मोह होतो. ‘खोटी ओळख’ असं शोधणाऱ्याला तुमचं पुस्तक दिसलं, की त्याला उत्तर मिळालेलंच असतं. त्यापेक्षा ठिकाण, काळ, तपास करणाऱ्याचा पेशा आणि उपप्रकार हे शब्द वापरा. ‘इस्पितळातलं रहस्य’, ‘स्त्री तपास अधिकारी’, ‘पोलिसी तपासकथा’ हे सगळं उघड रकान्यातलंच आहे.

वर्गही विचारानं निवडा. पुस्तकविक्रेते आणि ग्रंथालयं ज्या वर्गीकरणांवर चालतात त्यातली दोन मोठी म्हणजे अमेरिकेत रुळलेलं बिसॅक आणि २०१३ मध्ये आलेलं आंतरराष्ट्रीय थीमा. थीमात गुन्हा आणि रहस्यकथांचा गट ‘एफएफ’ या संकेतानं ओळखला जातो आणि थरारकथांचा वेगळा असतो. तुमच्या कादंबरीत ‘कुणी केलं’ हा प्रश्न मध्यवर्ती असेल तर ती रहस्यकथा, ‘आता काय होणार’ हा असेल तर थरारकथा. हे चुकलं की पुस्तक चुकीच्या वाचकाच्या हाती जातं, आणि ‘वेग नाही’ किंवा ‘रहस्यच नाही’ असे अभिप्राय येतात. अशा वेळी खरा दोष वर्गाचा असतो आणि बोल मात्र पुस्तकाला लागतो.

ई-पुस्तकाची सुरुवातीची काही पानं नमुना म्हणून फुकट वाचायला मिळतात. ती स्वतः उघडून पाहा. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, पात्रांची यादी आणि नकाशा यांतच नमुना संपत असेल, तर ऋणनिर्देश शेवटी न्या. शिवाय ऋणनिर्देशात ‘विषबाधेविषयी माहिती देणाऱ्या डॉक्टरांचे आभार’ असं लिहिलं असेल आणि पुस्तकात मृत्यू आधी नैसर्गिक वाटायला हवा असेल, तर तो मजकूर सुरुवातीच्या पानांवर असूच नये.

प्रकाशनाआधीचे सहा महिने

परीक्षणासाठीच्या आगाऊ प्रती साधारण तीन-चार महिने आधी बाहेर पडाव्यात. नियतकालिकांचे अंक आधीच आखलेले असतात, आणि पुस्तक आल्यावर प्रत पाठवली तर परीक्षण यायला उशीर होतो. डिजिटल प्रतींसाठी नेटगॅली ही सेवा आहे आणि वाचकांच्या अभिप्रायांसाठी गुडरीड्स. गुडरीड्सवर अभिप्रायातला रहस्य फोडणारा मजकूर झाकून ठेवायची सोय आहे. प्रतीसोबतच्या पत्रात तिची आठवण करून दिली तर बहुतेक जण पाळतात.

अभिप्राय मिळवायचे कसे, याबाबत नियम स्पष्ट आहेत. फुकट प्रत द्यायला हरकत नाही. मात्र त्या बदल्यात अभिप्राय लिहिलाच पाहिजे, किंवा चांगलाच लिहिला पाहिजे, अशी अट घालता येत नाही. अ‍ॅमेझॉनवर लेखकाच्या घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय चालत नाहीत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे आणि विकतचे अभिप्राय थेट संघराज्याच्या व्यापार आयोगाच्या नियमाखाली आले आहेत. आणि हा फक्त कायद्याचा मामला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधला गुन्हेगारी कादंबऱ्यांचा एक नावाजलेला लेखक खोट्या नावांनी स्वतःच्या पुस्तकांची स्तुती आणि सहलेखकांच्या पुस्तकांची निंदा लिहीत असल्याचं उघड झालं. अनेक लेखकांनी जाहीर पत्र काढून या प्रकाराचा निषेध केला. रहस्यकथेचा व्यवहारच लेखक आपल्याशी प्रामाणिक खेळेल या विश्वासावर चालतो. पुस्तकाबाहेर तो विश्वास मोडला, तर पुस्तकातल्या चकव्यालाही कुणी मान देत नाही.

याच काळात सहलेखकांकडून मुखपृष्ठासाठी दोन ओळी मागितल्या जातात. मागताना मुदत सांगा, नकार द्यायला मोकळीक ठेवा आणि आलेल्या ओळी गुपिताच्या कागदाशी ताडून पाहा. कौतुकाच्या भरात ‘खुनी कोण हे मला शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही, तो तर इतका साधा माणूस!’ असं लिहिणारे प्रेमळ सहलेखक असतात. ओळ बदलून मागायला संकोच वाटू देऊ नका.

लेखकसंघटनेचे सभासद अजून नसाल तर आता व्हा. अमेरिकेतली मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका १९४५ पासून आणि ब्रिटनमधली क्राइम रायटर्स असोसिएशन १९५३ पासून काम करते. दोन्हींचे पुरस्कार वाचक आणि पुस्तकविक्रेते गांभीर्यानं घेतात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या सिस्टर्स इन क्राइमची गोष्ट प्रसिद्धीच्या दृष्टीनं फार बोलकी आहे. स्त्रियांनी लिहिलेल्या गुन्हेगारी कादंबऱ्यांची परीक्षणं वृत्तपत्रांत कमी येतात हे दिसल्यावर लेखिका एकत्र आल्या, परीक्षणांवर पद्धतशीर नजर ठेवू लागल्या, आणि प्रसिद्धी कशी करावी याची पुस्तिकाही सभासदांसाठी काढली. एकेकट्या लेखिकेची तक्रार कुणी ऐकत नव्हतं. मोजून मांडलेली आकडेवारी ऐकावी लागली.

रोजचा दिवस कसा आखावा

सकाळचा पहिला वेळ पुढच्या पुस्तकाचा. याला अपवाद फक्त प्रकाशनाच्या आठवड्याचा. ईमेल आधी उघडली की प्रसिद्धी दिवसभर पुरते, कारण ती कधीच संपत नाही, आणि रहस्यकथेचे गुंते अर्धवट डोक्यानं सुटत नाहीत. ठरलेलं लिखाण झालं की प्रसिद्धीला तासभर द्या. त्यात आधी ज्याला मुदत आहे ते: मुलाखतीची लेखी उत्तरं, कार्यक्रमाच्या आयोजकांना परिचय आणि छायाचित्र, प्रकाशकाचे प्रश्न. मग वाचकांची पत्रं. समाजमाध्यमं सगळ्यात शेवटी.

समाजमाध्यमांवर एकच ठिकाण निवडा, जिथे तुम्ही एरवीही रमता. ‘माझं पुस्तक घ्या’ हे दहातून एकदा. बाकी वेळी तपासाच्या जगातलं काहीतरी द्या: बोटांचे ठसे कोणत्या पृष्ठभागावर टिकतात, मृत्यूची वेळ सांगताना शवविच्छेदन करणारे नेमकं मिनिट का सांगत नाहीत, जुन्या नोंदवहीतली शाई कशी तपासतात. संशोधनातलं पुस्तकात न मावलेलं साहित्य प्रत्येकाकडे ढिगानं असतं. फक्त तुमच्या उकलीचा आधार असलेली माहिती त्यात येऊ देऊ नका. हजेरीच्या नोंदवहीवर कादंबरी फिरत असेल, तर शाईच्या तपासणीवरची पोस्ट पुढच्या पुस्तकापर्यंत राखून ठेवा.

पोस्ट आधीच वेळ लावून ठेवत असाल तर रोज सकाळी बातम्या पाहा. तुमच्या कथानकाशी मिळताजुळता खरा गुन्हा घडला, तर लावलेलं सगळं त्याच क्षणी थांबवा. कुणाच्या घरात आकांत चाललेला असताना त्याच प्रकारच्या खुनाची चटपटीत जाहिरात झळकणं अमानुष दिसतं, आणि यंत्रानं आपोआप टाकली हे कारण कुणी ऐकून घेत नाही. जाहिरातीच्या चित्रातही रक्त, जखमी देह किंवा पाहणाऱ्याकडे रोखलेलं पिस्तूल टाळा. अशी चित्रं जाहिरात कंपन्या बहुधा नाकारतात. रिकामी खुर्ची किंवा अर्धवट उघडं दार जास्त भीती घालतं.

वार्तापत्राला मी समाजमाध्यमांपेक्षा वरचं स्थान देते. वाचकांच्या पत्त्यांची यादी तुमची असते, ती कुणी नियम बदलून हिरावून घेत नाही. पत्ते संमतीनंच घ्या. युरोपातल्या वाचकांच्या बाबतीत २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानं तुमच्यावर जबाबदारी येते. जीमेल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याच्या ओळखीच्या पडताळणीचे नियम कडक केले आहेत, त्यामुळे फुकटच्या पत्त्यावरून वार्तापत्र पाठवलं तर ते जंकमध्ये जायची शक्यता मोठी. स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता घ्या. नाव नोंदवणाऱ्याला भेट म्हणून तपास अधिकाऱ्याची एक जुनी, छोटी केस कथारूपात द्या. ती वाचलेला माणूस कादंबरी घेताना बिचकत नाही.

लोकांसमोर बसताना

गुन्हेगारी लेखनाचे स्वतंत्र महोत्सव आता अनेक देशांत भरतात. बाउचरकॉन १९७० पासून अमेरिकेत, हॅरोगेटचा महोत्सव २००३ पासून इंग्लंडमध्ये, ल्योंचा के द्यु पोलार २००५ पासून फ्रान्समध्ये, स्टर्लिंगचा ब्लडी स्कॉटलंड २०१२ पासून. नवोदितांना मुख्य सत्रं लगेच मिळत नाहीत, पण दारं बंद नसतात. हॅरोगेटला ‘न्यू ब्लड’ नावाचा नव्या लेखकांचा परिसंवाद असतो, तर ब्लडी स्कॉटलंडमध्ये मोठ्या सत्राआधी नव्या लेखकाला काही मिनिटं वाचायला देतात. आयोजकांना पत्र लिहिताना फक्त पुस्तकाचं नाव कळवू नका, परिसंवादाचा विषय सुचवा. ‘माझं पुस्तक चांगलं आहे’ असलं पत्र त्यांना रोज येतं. ‘पोलीस नसलेले तपासकर्ते’ असा विषय आणि त्यात बसणारी आणखी तीन नावं देणारं पत्र त्यांचं काम हलकं करतं.

वाचायचा उतारा घरी निवडा आणि मोठ्यानं वाचून वेळ लावा. पाच मिनिटं पुष्कळ झाली. खुनाचा प्रसंग निवडायची ओढ असते, पण सभागृहात तो क्वचितच चालतो, कारण ऐकणाऱ्याला मेलेला माणूस अजून माहीत नसतो. जबाबाचा प्रसंग निवडा: दोनच आवाज, एक विचारणारा आणि एक लपवणारा. परिचारिकेच्या कादंबरीत इस्पितळाचा रखवालदार तपास अधिकाऱ्याला सांगतोय, ‘मॅडम आल्या, नेहमीसारखी सही केली, वर गेल्या,’ आणि ती विचारते, ‘चेहरा पाहिलात?’ तो म्हणतो, ‘सही पाहिली.’ इथे पुस्तक मिटा. वाचायच्या प्रतीत न वाचायची वाक्यं पेन्सिलीनं कंसात घाला, नावं कमी करा, आणि थांबायच्या ओळीवर ठळक खूण करा, नाहीतर भरात पुढची ओळ वाचली जाते आणि नेमकी तीच बंद रकान्यातली असते.

प्रश्नोत्तरांत काही प्रश्न ठरलेले. खऱ्या घटनेवर आहे का? कल्पना कुठून सुचतात? पोलीस खरंच असं करतात का? शेवटचा विचारणारा बऱ्याचदा निवृत्त अधिकारी असतो. त्याच्याशी वाद घालू नका, सत्रानंतर त्याला गाठा आणि पुढच्या पुस्तकासाठी त्याचं ऐका. कुणी पुस्तक वाचून आलेला असतो आणि शेवटाबद्दलच विचारतो. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हसून थांबवा: ‘हे आपण सही करताना बोलू, इथे अजून न वाचलेले बसलेत.’ सभागृह नेहमी तुमच्या बाजूनं उभं राहतं.

आणि कधीतरी सत्र संपल्यावर कुणी हळूच सांगतं, की त्यांच्या घरात खरा खून झाला होता. त्या वेळी पुस्तकाचं बोलणं बंद. संशोधनासाठी काही विचारू नका, सल्ला देऊ नका, मागची रांग थांबली तर थांबू द्या. प्रत्यक्ष घटनेवर बेतलेली कादंबरी असेल तर ही काळजी प्रसिद्धीच्या प्रत्येक टप्प्यावर घ्यावी लागते: मृत व्यक्तीचं छायाचित्र वापरायचं नाही, घटनेच्या स्मरणदिनी प्रकाशन करायचं नाही, आणि नातेवाइकांना पुस्तकाची बातमी वर्तमानपत्रातून कळू द्यायची नाही. बदनामीच्या कायद्याचा सल्ला छपाईआधी घ्या. मुलाखतीत ‘हे पात्र म्हणजे खरं तर अमुक’ असं सुचवणंही अंगाशी येतं.

सहीच्या टेबलापाशी शक्यतो उभे राहा. बसलेल्या लेखकाजवळून लोक नजर चुकवून जातात. ‘घ्या ना पुस्तक’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही रहस्यकथा वाचता का, कुठल्या प्रकारच्या?’ असं विचारा, आणि तुमचं पुस्तक त्यांच्या आवडीचं नसेल तर दुसऱ्या लेखकाचं सुचवा. नाव लिहिण्याआधी कच्च्या कागदावर लिहून दाखवा, ऱ्हस्व-दीर्घ विचारून घ्या. चारच वाचक आले तर त्या चौघांना पुरता वेळ द्या.

ग्रंथालयांचं आमंत्रण कधीही टाळू नये. रहस्यकथांचे सगळ्यात निष्ठावान वाचक तिथे भेटतात, एकाच लेखकाची सगळी पुस्तकं क्रमानं संपवणारे. डेन्मार्कनं १९४६ मध्ये सुरू केलेली सार्वजनिक वाचनहक्काची पद्धत आज तीसहून अधिक देशांत आहे. त्यात ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी लेखकाला मोबदला मिळतो, आणि ब्रिटनसारख्या देशात तो किती वेळा पुस्तक वाचायला नेलं यावर ठरतो. तुमच्या देशात अशी योजना असेल तर पुस्तक येताच नोंदणी करा, बहुतेक ठिकाणी ती आपोआप होत नाही.

पुस्तक आल्यानंतर

वाईट अभिप्रायाला उत्तर देऊ नका, चांगल्यालाही शक्यतो नको. वाचकांची ती जागा वाचकांना मोकळी राहू द्या. अभिप्रायात कुणी खुनी उघड केला असेल, तर त्या संकेतस्थळावरची तक्रारीची सोय वापरा, स्वतः खाली लिहायला जाऊ नका. तुमच्या रागावलेल्या उत्तरानं त्याचा अंदाज बरोबर असल्याची पावती मिळते.

मालिका असेल तर दुसऱ्या पुस्तकाचा परिचय लिहिताना पहिल्याचा कागद पुन्हा बाहेर काढा. ‘सहकाऱ्याच्या विश्वासघातातून सावरणारी अधिकारी नव्या केसवर’ या एका वाक्यानं पहिलं पुस्तक संपतं, आणि मालिकेची बरीचशी विक्री पहिल्या पुस्तकातूनच पुढे सरकते. त्याऐवजी नव्या केसपासून सुरुवात करा. संकेतस्थळावर पुस्तकांचा क्रम स्पष्ट लिहा, मधलं पुस्तक स्वतंत्रपणे वाचता येतं का तेही लिहा. पहिल्या ई-पुस्तकाची फाइल नव्यानं चढवून तिच्या शेवटी दुसऱ्याचं पहिलं प्रकरण जोडा, पण जोडण्याआधी ते प्रकरण वाचून बघा, त्यात आधीच्या खुन्याचं नाव सहज येऊन गेलेलं असू शकतं.